कलेचे विधेयक आणि सभागृहातील हशा

राजाश्रय हा शब्द आपल्या कानाला फार गोड लागतो. कोल्हापूरच्या शाहूमहाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब होते, बडोद्याच्या सयाजीरावांच्या पदरी गवई, वादक, चित्रकार असे सारेच होते. महाराजांच्या मनात आले, हुकूम सुटला, बिदागी मिळाली. पैसा कोणाचा हे विचारण्याची कोणाची छाती नव्हती. पण राजेच गेले आणि प्रजेचे राज्य आले, म्हणजे ही सोय उरत नाही. तिथे गवयाच्या हातावर रुपया ठेवायचा झाला, तरी कोणीतरी उठून विचारणारच: हा पैसा कोणाचा? तो द्यायचा की नाही, हे ठरवायचे कोणी? आणि कला कला म्हणता, ती म्हणजे तरी काय?

हे तीन प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कायदेमंडळात जवळजवळ पाऊणदोनशे वर्षे विचारले गेले. आणि मौज अशी, की बहुतेक वेळा ते हसत हसत विचारले गेले. कलेसाठी एक राष्ट्रीय संस्था कायद्याने स्थापन व्हावी, असे विधेयक आले की सभागृहात हशा पिकायचा आणि त्या हशातच विधेयक वाहून जायचे. शेवटी १९६५ साली ते एकदाचे पसार झाले. ही हकीकत परदेशची खरी. पण राजे गेलेल्या प्रत्येक देशाला ती आपलीच वाटावी अशी आहे.

या हशाचा इतिहास जुना आहे. १७८७ साली राज्यघटना लिहिली जात असताना चार्ल्स पिंक्नी नावाच्या सभासदाने सुचवले होते, की वाङ्मय, कला आणि शास्त्रे यांच्या वाढीसाठी विद्यापीठे काढण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारला असावा. घटनाकारांनी ते मानले नाही. लेखकाला व संशोधकाला आपल्या कृतीवर काही मुदतीपर्यंत हक्क द्यावा, एवढेच कलम घटनेत राहिले. सरकारने हक्काचे रक्षण करावे, पोट ज्याचे त्याने भरावे, असा तो हिशेब होता.

पुढे १८१७ साली काँग्रेसने जॉन ट्रंबुल या चित्रकाराकडून राजधानीतील कॅपिटॉलच्या घुमटाखाली लावण्यासाठी स्वातंत्र्ययुद्धाची चार भव्य चित्रे काढून घेण्याचे ठरवले आणि त्यांपायी बत्तीस हजार डॉलर मोजले. त्यांतले एक चित्र स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचे. त्या काळचे पुढारी गुडघ्यापर्यंत विजार आणि खाली लांब मोजे घालीत. साहजिकच चित्रात पायांची मोठी रांग दिसते. १८२८ साली व्हर्जिनियाचे जॉन रँडॉल्फ सभागृहात उठले आणि म्हणाले, की या चित्राचे नाव खरे म्हणजे नडग्यांचे चित्र असे हवे! ट्रंबुलने स्वातंत्र्याच्या वीरांची तोंडे हुबेहूब उतरवण्यासाठी वर्षानुवर्षे प्रवास केला होता. सभागृहाने पाहिल्या त्या नडग्या.

एकोणिसावे शतक असेच गेले. १९१० साली एक ललितकला-मंडळ कायद्याने नेमण्यात आले खरे. पण राजधानीतल्या इमारती, पुतळे, कारंजी यांविषयी सल्ला देणे एवढेच त्याचे काम. जिवंत कलावंताशी त्या कायद्याचा फारसा संबंध नव्हता. तो संबंध आला भुकेमुळे.

१९२९ साली न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि मंदीचा वणवा देशभर पसरला. बोलपटांनी आधीच नाटकवाल्यांच्या पोटावर पाय दिला होता. आता तर थिएटरेच्या थिएटरे बंद पडली. रूझवेल्टच्या सरकारने बेकारांसाठी रस्ते, पूल, धरणे अशी कामे काढली. मग प्रश्न आला, सारंगीवाल्याच्या हाती कुदळ द्यायची काय? बेकारी-निवारणाचे प्रमुख हॅरी हॉपकिन्स हे रोखठोक गृहस्थ होते. कलावंतांनाही इतरांसारखेच जेवावे लागते, असे त्यांचे म्हणणे. १९३५ साली चित्रकला, संगीत, नाटक आणि लेखन यांच्यासाठी सरकारी योजना सुरू झाल्या.

त्यांतली नाटकाची योजना हॅली फ्लॅनगन या बाईंच्या हाती दिली गेली. त्या व्हॅसार कॉलेजात नाट्यशास्त्र शिकवीत. हाडाची शिक्षिका, कमरेला पदर खोचून कामाला लागणाऱ्यांपैकी. भरभराटीच्या दिवसांत या योजनेवर बारा हजारांच्या आसपास माणसांची चूल पेटत होती. शाळांत, इस्पितळांत, बागांत, सर्कशीच्या तंबूत नाटके होऊ लागली. तिकीट नाममात्र किंवा मुळीच नाही. ज्यांनी जन्मात पडदा वर जाताना पाहिला नव्हता अशा लक्षावधी माणसांनी पहिल्यांदा नाटक पाहिले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, विशीतल्या ऑर्सन वेल्सने १९३६ साली सगळे निग्रो नट घेऊन शेक्सपिअरचे ‘मॅकबेथ’ बसवले. त्याच्या पहिल्या रात्री रस्त्यात इतकी गर्दी लोटली की रहदारी थांबली. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या २७ तारखेला सिंक्लेअर ल्युइसचे हुकूमशाहीवरचे नाटक एकाच रात्री पंधराहून अधिक शहरांतून रंगभूमीवर आले. चार वर्षांत या नाट्ययोजनेवर सुमारे चार कोटी साठ लाख डॉलर खर्च झाले.

पण हा सारा संसार बेकारीच्या मदतीवर उभा होता. त्याला स्वतःचा असा कायदा नव्हता. मदतीचा पैसा दरसाल मंजूर व्हावा तेव्हा पुढचे वर्ष निघायचे. म्हणून १९३८ साली फ्लॉरिडाचे सिनेटर क्लॉड पेपर आणि वॉशिंग्टन संस्थानचे प्रतिनिधी जॉन कॉफी यांनी कायम स्वरूपाचे ललितकला-खाते स्थापन करण्याचे विधेयक मांडले. न्यूयॉर्कचे प्रतिनिधी विल्यम सिरोविच हेही याच मार्गावर होते. हे सिरोविच धंद्याने डॉक्टर आणि हौसेने नाटककार. जूनमध्ये प्रस्ताव प्रतिनिधिगृहापुढे आला.

त्या दिवशी काय झाले? मिसुरीचे ड्यूई शॉर्ट उठले आणि त्यांनी चवड्यांवर नाचणाऱ्या नर्तकांची अशी थट्टा मांडली की सभागृह खो खो हसत राहिले. खरी कला दुःखातून जन्मते, सरकारी तुकड्यांवर पोसलेली कला ही कलाच नव्हे, असाही त्यांचा सिद्धान्त होता. भरल्या पोटी दुसऱ्याच्या उपासाचे गुण गाणे सोपे असते! प्रस्ताव बाजूला सारला गेला.

तथापि एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. विरोध करणारे सगळेच काही विदूषक नव्हते. कॉफी-पेपर विधेयकात खात्याच्या कारभाऱ्यांची निवड कलावंतांच्या मोठमोठ्या संघटनांनी सुचवलेल्या नावांतून व्हायची होती. आणि मदतीवर असलेले कलावंत सरकारचे जणू कायमचे नोकर होणार होते. सुप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक वॉल्टर डॅमरॉश यांच्यासारखे संगीतात हयात घालवलेले गृहस्थही या विधेयकाविरुद्ध उभे राहिले. उद्या खात्याने एखाद्या चित्रकाराला सांगितले की हे रंगव आणि ते रंगवू नको, तर? चित्रकार जॉन स्लोन तर मिस्किलपणे म्हणत, की ललितकलांचा मंत्री असलेला बरा, म्हणजे निदान शत्रू कुठे बसला आहे ते तरी कळेल.

पुढचा अंक अधिक कडू आहे. त्याच वर्षी, ६ डिसेंबर १९३८ रोजी, फ्लॅनगनबाईंना राष्ट्रविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या डाइस समितीपुढे उभे करण्यात आले. नाट्ययोजनेत कम्युनिस्ट भरले आहेत असा आरोप. अलाबामाचे सभासद जो स्टार्न्स यांनी बाईंच्या एका जुन्या लेखातून शब्द शोधून काढला. त्यात मार्लोच्या धर्तीच्या वेडाचा उल्लेख होता. स्टार्न्स यांनी गंभीरपणे विचारले, हा मार्लो कोण, कम्युनिस्ट काय? बाईंनी उत्तर दिले, की शेक्सपिअरच्या लगोलग आधी होऊन गेलेला तो श्रेष्ठ नाटककार होता, अशी नोंद कृपया करावी. मार्लो १५९३ सालीच वारला होता! दालनात हशा उसळला. स्टार्न्सची गाडी थांबली नाही. ग्रीक नाटककार युरिपिडीस यांनीही वर्गकलहाची शिकवण दिली असावी, असा तर्क त्यांनी पुढे केला.

या प्रसंगावर आजवर अनेक जण पोटभर हसले आहेत, आणि आपणही हसतो. फ्लॅनगनबाई मात्र त्या दिवशी हसू शकल्या नाहीत. आठ हजार माणसांची भाकरी त्या दालनात तागडीत पडली होती. शहाण्याने मूर्खाला हसावे आणि मूर्खाच्या हाती मात्र मत असावे, अशी ती अवस्था होती.

१९३९ च्या मदत-कायद्यात एक कलम घालण्यात आले: यातला पैसा नाटकासाठी वापरायचा नाही. एवढ्या एका कलमाने ३० जूनच्या रात्री नाट्ययोजना संपली. न्यूयॉर्कच्या रिट्झ थिएटरात तेव्हा मुलांचे ‘पिनोकिओ’ चालू होते. लाकडाच्या बाहुल्याचा शेवटी खराखुरा मुलगा होतो, अशी ती गोष्ट. त्या रात्री नटांनी शेवट बदलला. पिनोकिओ मुलगा झालाच नाही. तो पुन्हा लाकूड होऊन पडला. प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत पडदे, कमानी, देखावे उतरवले गेले आणि बाहुला पेटीत ठेवला गेला. वर पाटी होती: जन्म २३ डिसेंबर १९३८, काँग्रेसच्या कायद्याने ठार ३० जून १९३९. समोर मुले बसली होती. त्यांना काँग्रेस म्हणजे काय ते कळले असेल नसेल. पण कोणीतरी बाहुल्याला मुलगा होऊ दिले नाही, एवढे खचित कळले असेल.

महायुद्ध आले आणि गेले. अमेरिका जगातले सर्वांत सधन राष्ट्र झाले; पण कलेच्या बाबतीतला हशा काही ओसरला नाही. १९४६ साली परराष्ट्रखात्याने परदेशांत फिरवण्यासाठी आधुनिक अमेरिकन चित्रकारांची ७९ तैलचित्रे सुमारे ४९ हजार डॉलरांना विकत घेतली. वर्तमानपत्रांनी व प्रतिनिधींनी गहजब केला. कुनियोशी या चित्रकाराने काढलेली एक सर्कसवाली पाहून खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी हीच कला असेल तर आपण हॉटेंटॉट आहोत असा शेरा मारला. प्रदर्शन अर्ध्या वाटेवरून परत बोलावले गेले आणि १९४८ साली ती चित्रे, काही जलरंगचित्रांसह, युद्धातल्या जादा सामानाच्या भावाने फुंकून टाकण्यात आली. आले किती? साडेपाच हजारांच्या आसपास. अलाबामा आणि ओक्लाहोमा येथील शिक्षणसंस्थांनी त्यांतली पुष्कळ चित्रे उचलली. आज ती त्यांच्या संग्रहालयांची शोभा आहेत.

१९५५ साली राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी फक्त सल्ला देणारे एक कला-मंडळ असावे, असे सुचवले. पैशाची बात नाही, नुसता सल्ला. तेही वर्षानुवर्षे लोंबकळले. १९६१ साली न्यू जर्सीच्या फ्रँक थॉम्प्सन यांनी तसे विधेयक आणले तेव्हा व्हर्जिनियाचे वयोवृद्ध हॉवर्ड स्मिथ उठले. हे नियम-समितीचे अध्यक्ष; त्यांच्या टेबलाच्या खणात भलीभली विधेयके कायमची झोपी जात. त्यांनी भोळेपणाचा आव आणून विचारले, की कला म्हणजे काय हे मला ठाऊक नाही; सारंगी वाजवणारे आले, चित्रे काढणारे आले; पण पत्ते कुटणे हीही एक कलाच आहे असे कोणी म्हणते, तर अडचणीत आलेल्या जुगाऱ्यांनाही मदत मिळणार काय? पुन्हा हशा, आणि थोड्या मतांनी पुन्हा पराभव.

तरी वारे फिरू लागले होते. त्याच साली केनेडींच्या शपथविधीला वृद्ध कवी रॉबर्ट फ्रॉस्ट यांना सन्मानाने बोलावले गेले होते. केनेडींनी १९६३ च्या जूनमध्ये आपल्या अधिकारात एक सल्लागार मंडळ जाहीर केले. पण त्यावर माणसे नेमण्यापूर्वीच २२ नोव्हेंबरला त्यांचा खून झाला. मदत मिळाली ती अनपेक्षित दिशेने. शास्त्रीय संशोधनासाठी १९५० सालीच एक राष्ट्रीय प्रतिष्ठान कायद्याने स्थापन झाले होते. आता अणुशक्तिमंडळाचे अध्यक्ष ग्लेन सीबॉर्ग यांच्यासारखे शास्त्रज्ञच सिनेटपुढे येऊन सांगू लागले, की शास्त्राला मिळते तसे साह्य मानव्यविद्यांनाही मिळाले पाहिजे. कवीने कवितेसाठी पदर पसरला तर लोक हसतात. अणू फोडणारा कवितेसाठी बोलू लागला की हसणारा जरा चाचरतो.

१९६४ च्या निवडणुकीत जॉन्सन यांचा पक्ष प्रचंड बहुमताने आला. ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल आणि प्रतिनिधी थॉम्प्सन यांनी जोर धरला. १९६५ च्या सप्टेंबरात प्रतिनिधिगृहात शेवटची झुंज झाली. आयोवाचे एच. आर. ग्रॉस यांनी नृत्याच्या व्याख्येत पोट हलवण्याच्या नाचाचाही समावेश करावा, शिवाय बेसबॉल, गोल्फ आणि पत्तेही घालावेत, अशी उपसूचना मांडली. लोक या खेपेसही हसले. पण हसून झाल्यावर त्यांनी उपसूचना फेटाळली आणि विधेयक पसार केले. २९ सप्टेंबर १९६५ रोजी त्यावर जॉन्सन यांची सही झाली. कलेसाठी एक आणि मानव्यविद्यांसाठी एक अशी दोन राष्ट्रीय प्रतिष्ठाने जन्माला आली.

हा कायदा नीट वाचला म्हणजे एक गंमत ध्यानात येते. जे पावणेदोनशे वर्षे हसत आले, त्यांनीच नकळत त्याची कलमे लिहून दिली आहेत. कला म्हणजे काय, असे स्मिथसाहेबांनी विचारले होते ना? कायद्याने यादीच दिली: संगीत, नृत्य, नाटक, लोककला, लेखन, वास्तुकला, चित्र, शिल्प, छायाचित्र, हस्तकला, चित्रपट, नभोवाणी, अगदी वेषभूषेपर्यंत. पैसा कोणाचा? तर संस्थांना सरकार साधारणतः निम्म्याहून अधिक देणार नाही. उरलेला निम्मा ज्याचा त्याने उभा करावा, म्हणजे गावाला ती कला हवी आहे की नाही ते आपोआप कळेल. ठरवायचे कोणी? मंत्र्याने नव्हे, खासगी नागरिकांच्या मंडळाचा सल्ला घेऊन, आणि त्या त्या कलेतल्या जाणत्यांच्या समित्या बसवून. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम हे, की संघराज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याने मदत घेणाऱ्या शाळेच्या वा संस्थेच्या धोरणात, माणसांत वा कारभारात हात घालायचा नाही. १९३८ च्या विधेयकात सरकार कलावंताचा धनी होणार होते. १९६५ च्या कायद्यात देणाऱ्याचा हात देण्यापूर्वीच बांधून घेतला गेला. दोहोंतले अंतर सत्तावीस वर्षांचे आहे. आणि तेवढ्या थट्टेची किंमत मोजून ते शहाणपण आले आहे.

सुरुवात चिमुकली होती. पहिल्या वर्षी कलेच्या वाट्याला आले अवघे पंचवीस लाख डॉलर. त्यांतले एक लाख अमेरिकन बॅले थिएटर या डबघाईला आलेल्या नृत्यसंस्थेला मिळाले. चवड्यांवर नाचणाऱ्यांचीच ती संस्था. ड्यूई शॉर्टना काय वाटले असेल कोण जाणे! शिवाय प्रत्येक राज्याने आपले कला-मंडळ नेमले तर त्यालाही वाटा मिळणार होता. आधी अशी मंडळे मोजकीच होती. दहा वर्षांच्या आत ती राज्याराज्यांत झाली.

वाद संपले असे मात्र नाही. १९८९ साली काही छायाचित्रांवरून असे रण माजले की पुढच्या वर्षी कायद्यात सभ्यतेचे कलम घालावे लागले. १९९६ साली वार्षिक रक्कम सोळा कोटींवरून दहा कोटींच्याही खाली आणली गेली. २०२५ साली तर प्रतिष्ठान मोडीत काढण्याची सूचना राष्ट्राध्यक्षांकडूनच पुन्हा आली, आणि मे महिन्यात अनेक संस्थांना मंजूर झालेली मदत काढून घेतल्याची पत्रे गेली. कायदा म्हणजे काही चिलखत नव्हे. परंतु मदत-योजनेच्या छपराखाली उभे राहिलेले नाट्यगृह एका कलमासरशी गेले, आणि कायद्याने उभी राहिलेली संस्था १९९६ साली चार आण्यांतले दीड आणे गमावूनही पायावर उभी राहिली. हा फरक लहान नाही. ती मोडायची तर प्रतिनिधीला उजेडात उभे राहून आपल्या नावानिशी मत द्यावे लागते, आणि ज्या गावच्या नाट्यसंस्थेला मदत मिळते तिथेच पुन्हा मते मागायला जावे लागते.

आता थोडे घरचे. १९४५ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीने राष्ट्रीय सांस्कृतिक न्यासाची आणि त्याच्या तीन अकादम्यांची योजना सरकारपुढे ठेवली होती. स्वातंत्र्यानंतर मौलाना आझादांनी अकादम्यांचे काम तडीस नेले. संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन २८ जानेवारी १९५३ रोजी राजेंद्रबाबूंनी केले; साहित्य अकादमी १२ मार्च १९५४ ला आणि ललित कला अकादमी त्याच वर्षीच्या ऑगस्टात सुरू झाली. साहित्य अकादमीचे पहिले अध्यक्ष पंडित नेहरू. आपल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना मराठीतले पहिले अकादमी-पारितोषिक १९५५ साली मिळाले, हे मराठी वाचकांना ठाऊकच आहे. अमेरिकेच्या दहा-बारा वर्षे आधी आपण हे काम केले, आणि आपल्याकडे त्याला कोणी हसले नाही, याचा अभिमान वाटावा यात नवल नाही.

पण या अकादम्या जन्मल्या त्या सरकारी ठरावाने, आणि पुढे १८६० च्या संस्था-नोंदणी कायद्याखाली त्यांची नोंद झाली. एखादे वाचनालय किंवा तालीमखाना नोंदवावा तशीच! संसदेने स्वतंत्र कायदा केला तो चेन्नईच्या कलाक्षेत्रासारख्या एखाददुसऱ्या संस्थेपुरता, आणि तोही १९९३ साली. याउलट, नाटक बंद पाडण्यासाठी इंग्रजांनी १८७६ साली केलेला कायदा मात्र स्वतंत्र भारतात सत्तर वर्षे पुस्तकात राहिला आणि २०१८ साली कुठे रद्द झाला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली बंदी घालणाऱ्यांचा हा वारसा. नाटक थांबवायला कायदा, आणि नाटकाला जगवायला ठराव!

नेहरू आणि आझाद यांच्या हाती ठराव पुरेसा होता. त्यांना कला समजत होती आणि कलावंताच्या कामात नाक खुपसायचे नाही हेही समजत होते. परंतु चांगला राजा मिळाला म्हणून राजाश्रयाचा प्रश्न सुटत नाही, हे तर आपले जुनेच दुखणे. दुसरा राजा कसा निघेल, हे गवयाला कधीच ठाऊक नसते. अमेरिकेत कलेला आधी हशा ऐकावा लागला, अपमान गिळावा लागला, पिनोकिओला पेटीत पडावे लागले. पण त्या रेट्यात तिन्ही प्रश्नांची उत्तरे चारचौघांत द्यावी लागली आणि ती कागदावर उतरली. आपल्याकडे कोणी हसले नाही, त्यामुळे कोणी नीट विचारलेही नाही. आणि देणाऱ्याचा हात कोणत्या दोरीने बांधायचा, हे कलम अजून लिहायचे राहिले आहे.